वीगन जिआओझी घरी करताना: सारणातल्या पाण्याचे काय करायचे?

तुमचा प्रश्न असा आहे. शिक्षणासाठी तुम्ही दोन वर्षे बीजिंगला होतात आणि तिथल्या जिआओझींची, म्हणजे उकळून खाल्ल्या जाणाऱ्या चिनी डम्पलिंगची, चव अजून विसरलेला नाहीत. आता मुलगी वीगन झाली आहे, म्हणून मांस, अंडी, दूध यांपैकी काहीही न वापरता त्या घरी कराव्यात अशी तुमची इच्छा आहे. कोबी, टोफू आणि गाजराचे सारण घेऊन तीनदा प्रयत्न केलात. तिन्ही वेळा पाऱ्या भिजून ताटाला चिकटल्या, उकळताना निम्म्या जिआओझी फुटल्या आणि ज्या वाचल्या त्या सपक लागल्या. तयार पाऱ्या आणल्या तर बरे का, आणि मांसासारखा लागणारा सोया घातला तर चव येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी पुढे देणार आहे. परंतु तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावरून दोष पारीचा नाही आणि सोयाच्या अभावाचाही नाही, असे मला वाटते. दोष सारणातल्या पाण्याचा आहे. मी बीजिंगजवळच्या तिआनजिन शहरात सात वर्षे राहिले, तिथे शेजारच्या आजींकडून जिआओझी शिकले आणि गेली अकरा वर्षे पुण्यात चिनी शाकाहारी स्वयंपाकाचे वर्ग घेते. माझ्या वर्गात पहिल्यांदा जिआओझी करणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी नेमकी याच ठिकाणी अडते.

मांसाच्या सारणात मांस तीन कामे एकाच वेळी करत असते. उत्तर चीनमधले लोक खिम्यात थोडे थोडे पाणी किंवा रस्सा घालून तो एकाच दिशेने घोटतात. खिमा ते पाणी शोषून घेतो आणि शिजताना धरून ठेवतो. दुसरे काम बांधणीचे: शिजल्यावर खिम्याचा एकसंध गोळा होतो, त्यामुळे पारीला कुठे बारीक छिद्र पडले तरी सारण सांडत नाही. तिसरे काम चरबीचे, कारण मसाल्याचा आणि भाजीचा स्वाद जिभेपर्यंत पोहोचवते ती चरबीच. आपण मांस काढतो तेव्हा ही तिन्ही कामे करणारा निघून जातो आणि त्याच्या जागी आपण कोबी, टोफू आणि गाजर घालतो. यांतले गाजर फारसे उपद्रवी नाही, पण कोबीत आणि टोफूत पाणीच पाणी असते आणि मीठ लागताच ते बाहेर येऊ लागते. म्हणून मांसाच्या जागी ‘तसेच काहीतरी’ शोधण्यापेक्षा ही तीन कामे वेगवेगळ्या जिनसांना वाटून द्यावीत. वीगन सारण मुळापासून वेगळे रचावे लागते.

पुढचे सांगण्याआधी, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही मान्य करायला हवे. तुम्हाला लांबट चिनी कोबी मिळतो की आपला नेहमीचा गड्डा कोबी, तुमचा मैदा किती चिवट आहे, जिआओझी उकळायच्या आहेत, वाफवायच्या आहेत की तव्यावर परतायच्या आहेत, आणि घरात कांदा-लसूण चालतो की नाही, यांवर मापे थोडी बदलतात. मी खाली दिलेली मापे उकळायच्या पन्नासएक जिआओझींची आहेत आणि ती माझ्या पुण्याच्या स्वयंपाकघरातली आहेत.

तुम्ही बीजिंगला राहिलेल्या असल्यामुळे एक खुलासा येथेच करते. चीनमध्ये ‘सु’ म्हणजे शाकाहारी असे लिहिलेल्या जिआओझी वीगन असतीलच असे नाही. उत्तरेत घरोघरी होणारे सर्वांत लोकप्रिय बिनमांसाचे सारण म्हणजे चिनी लसूणपात आणि अंडे यांचे, आणि पुष्कळ घरांत त्यात वाळवलेला बारीक जवळाही पडतो. तुमच्या आठवणीतली चव जर त्या सारणाची असेल, तर तिचा मोठा भाग अंड्याचा आहे आणि ती हुबेहूब परत मिळणार नाही. परंतु चीनमध्येच याहून निराळी, पूर्णपणे वनस्पतींवर उभी असलेली परंपराही आहे. चिनी बौद्ध भिक्षूंनी मांस खाऊ नये हा दंडक सहाव्या शतकात लिआंग वंशाचा सम्राट वू याने पक्का केला आणि तेव्हापासून मठांच्या स्वयंपाकघरांत सोया, गहू आणि अळंबी यांच्यावर फार विचारपूर्वक काम झालेले आहे. त्या स्वयंपाकात कांदा-लसणाच्या जातीचे पदार्थही वर्ज्य असतात आणि त्या वर्ज्य यादीत ‘शिंगछू’ नावाचा एक पदार्थ आहे, तो म्हणजे आपला हिंग. शब्दही संस्कृत हिंगूवरूनच गेलेला आहे. तेव्हा कांदा-लसूण नको असेल तर आपल्याकडे सवयीने हिंग टाकतात, तो येथे टाकू नका. मठाच्या रीतीत तो बसत नाही आणि या सारणात त्याचा वासही उपरा वाटतो.

मी ज्या सारणावर सर्वाधिक विसंबते ते तिआनजिनचे आहे. तिथे चांद्रवर्षाच्या पहिल्या दिवशी शाकाहारी जिआओझी खाण्याची चाल आहे. ‘सु’ या शब्दातच स्वच्छ, साधे असा अर्थ असल्यामुळे येणारे वर्षही तसेच निर्मळ आणि निवांत जावे, अशी त्यामागची भावना. त्या सारणात मुगाच्या मोडांच्या लांब दांड्या, घट्ट दाबलेला मसालेदार टोफू, काळी कानअळंबी, वाळवलेल्या लिलीच्या कळ्या, गव्हाच्या ग्लुटेनचे, म्हणजे कणीक पाण्यात धुतल्यावर उरणाऱ्या चिवट भागाचे, तळलेले गोळे, मूगपिठाच्या पारदर्शक पट्ट्या आणि भरपूर कोथिंबीर असते. हे सर्व बांधणारे मिश्रण म्हणजे तिळाची पेस्ट आणि आंबवलेला लाल टोफू. ही यादी पाहिली की लक्षात येईल, यात पाणी सोडणारी वस्तू जवळजवळ एकही नाही. मोडांच्या दांड्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून पिळलेल्या असतात, टोफू दाबलेला असतो, ग्लुटेनचे गोळे आणि मूगपट्ट्या तर उलट पाणी पिणाऱ्या आहेत. तीळ आणि लाल टोफू बांधणी, स्निग्धता आणि खोल खारट स्वाद तिन्ही पुरवतात. मांसाची तीन कामे येथे फार सुरेख वाटून दिलेली आहेत.

पहिल्या वर्षी मी हेच सारण आपल्या पद्धतीने, मोड आलेले आखूड मूग घालून केले होते. आजींनी एक जिआओझी खाल्ली आणि काहीही न बोलता आतून पितळेचे पातेले आणले. एक मूठ सारण घेऊन त्यांनी ते माझ्यासमोर दाबले. बोटांच्या फटींतून पाणी टपकले. मग त्यांनी स्वतःचे सारण तसेच मुठीत दाबले: त्याचा गोळा झाला, पाण्याचा थेंब आला नाही आणि मूठ उघडल्यावर तळहातावर फक्त तेलाची चकाकी राहिली. तीच परीक्षा मी आजही घेते आणि वर्गात प्रत्येकाकडून करून घेते. गोळा व्हावा, पाणी येऊ नये, तेल दिसावे.

आपल्याकडे लाल टोफू, लिलीच्या कळ्या आणि मूगपट्ट्या सहज मिळत नाहीत, म्हणून त्याच विचाराने मी जे सारण बसवले आहे ते असे. चिनी कोबी अर्धा किलो, घट्ट टोफू पाव किलो, वाळवलेली शिताके अळंबी पंचवीस ग्रॅम, मुगाच्या काचेसारख्या शेवया चाळीस ग्रॅम, एक मध्यम गाजर, आले एक मोठा चमचा किसून, आणि कोथिंबीर एक लहान जुडी.

कोबी बारीक चिरावा, किसू नये, कारण किसल्यावर त्याचा लगदा होतो आणि दाताखाली काही लागत नाही. त्याला आठ ग्रॅम मीठ चोळून वीस ते तीस मिनिटे ठेवावे आणि मग पंचात घालून, चक्क्याचे दही टांगण्यापूर्वी पिळतो त्याहून जोराने, पिळावा. अर्ध्या किलोतून पाऊण ते एक वाटी पाणी सहज निघते. तुमच्या तिन्ही प्रयत्नांत हे वाटीभर पाणी जिआओझींच्या आत होते. आपला गड्डा कोबी वापरणार असाल तर तो जाड आणि उग्र असल्यामुळे नुसत्या मिठाने नरम पडत नाही. त्याला आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, गार पाण्यात काढून, मग पिळावे आणि मीठ निम्मेच घ्यावे. पिळलेल्या कोबीवर सगळ्यांत आधी दोन चमचे तेल घालून तो हाताने मोकळा करावा. पानांना तेलाचा पातळ लेप बसला की पुढे सोया सॉसमधले मीठ त्यांच्यातून उरलेले पाणी ओढून काढायला वेळ लावते आणि तेवढ्यात आपल्या जिआओझी भरून होतात. आधी सॉस आणि शेवटी तेल घातले तर हा लाभ मिळत नाही.

टोफू कच्चा घालू नये, याबाबतीत माझे मत ठाम आहे. फडक्यात गुंडाळून, वर जड पाटा किंवा भरलेले पातेले ठेवून तो अर्धा तास दडपावा, हाताने कुस्करावा आणि रुंद कढईत थोड्या तेलावर मध्यम आचेवर सोनेरी, रवाळ होईपर्यंत परतावा. पाव किलोचा दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम उरतो. आता तो पाणी सोडणारा राहत नाही, उलट सोया सॉस आणि अळंबीचे पाणी पिऊन घेणारा होतो.

शेवया हा या सारणातला सर्वांत कमी बोलला जाणारा, पण माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी घटक आहे. बहुतेक जण त्या शिजवून घालतात आणि तिथेच त्यांचा उपयोग संपवतात. त्या फक्त कोमट पाण्यात, वाकवल्या तर मोडणार नाहीत इतपतच भिजवाव्यात, निथळून अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि अर्धवट तहानलेल्या स्थितीतच सारणात मिसळाव्यात. जिआओझी शिजत असताना कोबीतून जे काही पाणी सुटेल ते या शेवया पितात आणि पारी आतून कोरडी राहते. मुगाच्या स्टार्चचा गुणच असा आहे की तो फुगतो पण विरघळून चिकट होत नाही. म्हणून येथे तांदळाच्या किंवा गव्हाच्या शेवया चालत नाहीत.

सपकपणाचे उत्तर अळंबीत आहे. शिताके रात्रभर गार पाण्यात, शीतकपाटात भिजवावी. उकळत्या पाण्याने ती लवकर मऊ होते, पण चव कमी भरते. यामागे रसायनशास्त्रही आहे. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढून ‘उमामी’ ही चव ओळखली आणि १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी शिताकेतल्या ग्वानिलेट या द्रव्यालाही तीच चव असल्याचे ओळखले; पुढे त्यांनी हेही दाखवले की ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव नुसती बेरजेने नव्हे, अनेक पटींनी वाढते. सोया सॉसमध्ये ग्लुटामेट भरपूर, वाळलेल्या शिताकेत ग्वानिलेट भरपूर. मांसाचा रस्सा जी खोली देतो ती येथे या जोडीकडून मिळते. भिजलेली अळंबी बारीक चिरून दोन चमचे सोया सॉस आणि तिच्याच भिजवणाच्या तीन-चार चमचे पाण्यात, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावी. शिताके मिळाली नाही तर वाळवलेली धिंगरी घ्या. चव तितकी खोल नसते, पण काम भागते. कानअळंबी वापरत असाल तर ती तास-दोन तासच भिजवा. पाण्यात खोलीच्या तापमानाला रात्रभर किंवा दिवसभर ठेवलेल्या कानअळंबीत घातक जिवाणू वाढून गंभीर विषबाधा होऊ शकते. चीनमध्ये असे प्रकार झालेले आहेत.

आता स्निग्धता. तीन मोठे चमचे तेल मंद तापवून त्यात चमचाभर हुआजिआओ, म्हणजे सिचुआन मिरी, सुगंध येईपर्यंत ठेवावी आणि काढून टाकावी. मिरी करपली तर तेल कडू होते आणि ते टाकूनच द्यावे लागते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना हे सांगायला मला विशेष आनंद होतो की आपले तिरफळ याच कुळातले, अगदी हुआजिआओच्याच प्रजातिसमूहातले आहे. बांगड्याच्या आमटीत जी झिणझिणी येते तीच येथे येते. तिरफळ अधिक उग्र असते, म्हणून बी काढून चार-पाच सालेच पुरतात. शिवाय दोन चमचे तिळाची पेस्ट लागते. चिनी तिळाचे तेल भाजलेल्या तिळांचे असते. आपल्या घाण्याचे तेल कच्च्या तिळांचे असल्यामुळे त्याला तो सुगंध नसतो. मी त्याऐवजी पांढरे तीळ खमंग भाजून थोड्या तेलात गुळगुळीत वाटते. त्यात एक चमचा मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट, मिसळला तर लाल टोफूच्या जवळ जाता येते. मिसो नसेल तर सोया सॉस थोडा वाढवा. शेवटी दोन लहान चमचे बटाट्याचे किंवा मक्याचे स्टार्च भुरभुरावे आणि सर्व जिन्नस पूर्ण गार झाल्यावरच एकत्र करावेत. गरम सारण पारीला घामेजून टाकते.

मांसासारख्या लागणाऱ्या सोयाबद्दल तुम्ही विचारले होते. सोया चुरा घालता येतो, तो पाणीही धरतो. परंतु त्याला स्वतःचा एक वास असतो, तो दोनदा धुऊन-पिळून आणि चांगला परतूनच जातो, आणि एवढे केल्यावर जे हाती येते ते परतलेल्या टोफूहून सरस आहे असे मला कधी वाटले नाही. घालायचाच असेल तर भिजवण्यापूर्वी तीस ग्रॅमपेक्षा जास्त नको. आणि विकतच्या ऑयस्टर सॉसपासून सावध राहा, तो कालवांचा असतो. अळंबीचा शाकाहारी प्रकार वेगळा मिळतो.

पारीकडे येण्यापूर्वी थोडक्यात: कोबी पिळून तेल लावलेला, टोफू परतलेला, अळंबी आटवलेली, शेवया अर्धवट भिजलेल्या, सगळे गार, आणि मुठीची परीक्षा उतरलेली. एवढे जमले तर तुमच्या तक्रारींपैकी दोन येथेच मिटतात.

तयार पाऱ्या आणाव्यात का? तुमच्या जवळ ताज्या मिळत असतील तर अवश्य. पण आपल्याकडे गोठवलेल्या मिळतात त्या पुष्कळदा वॉनटॉन या दुसऱ्या चिनी डम्पलिंगच्या असतात. त्या पातळ असतात, कडेने वाळलेल्या असतात आणि त्यांत अंडे असू शकते, म्हणून वेष्टनावरची यादी वाचल्याशिवाय घेऊ नयेत. जिआओझीची घरची पारी मात्र मूळचीच वीगन आहे. तिला मैदा आणि पाणी यांपलीकडे काही लागत नाही. पोळ्या लाटणाऱ्या हातांना तिचे काही अवघड वाटायचे कारण नाही.

तीनशे ग्रॅम मैद्याला एकशे पन्नास मिलिलिटर गार पाणी आणि दोन चिमटी मीठ. मीठ चवीसाठी नव्हे, तर आपला मैदा चिनी पिठापेक्षा बहुधा कमी चिवट असतो, त्याला ताण यावा म्हणून. पाणी थोडे थोडे घालून काट्याने किंवा काडीने फिरवावे, खडे झाले की हात घालावा. प्रथम गोळा खरबरीत आणि घट्ट वाटेल. पाणी वाढवण्याचा मोह आवरावा, झाकून वीस मिनिटे ठेवावा, मग पुन्हा पाच मिनिटे तिंबावा आणि आणखी अर्धा तास ठेवावा. पीठ स्वच्छ, हात स्वच्छ, परात स्वच्छ, या तीन खुणा दिसल्या की मळणे झाले असे तिथे मानतात. ‘मऊ पिठाच्या जिआओझी, घट्ट पिठाचे नूडल्स’ अशीही एक म्हण उत्तरेत आहे. मऊ म्हणजे कानाच्या पाळीइतके. पुरणपोळीच्या सैल कणकेइतके मात्र नव्हे. गव्हाची चक्कीची कणीक मिसळायची असेल तर पाव भागापर्यंतच मिसळा. तिला पाणी जास्त लागते आणि पारी उकळताना लवकर तुटते.

वाफवायच्या किंवा तव्यावर परतायच्या जिआओझींसाठी निम्मे पाणी उकळते आणि निम्मे गार घ्यावे. उकडीच्या मोदकाच्या पिठाला आपण उकड काढतो त्याचेच हे सौम्य रूप आहे. स्टार्च आधीच शिजल्यामुळे पारी वाफेवर कोरडी, चिवट न होता मऊ राहते. तीच पारी उकळायला घेतली तर मात्र ती पाण्यात विरघळल्यासारखी होते. उकळायला गार पाण्याचे पीठ, वाफेला गरम पाण्याचे, यात अदलाबदल करू नका.

लाटताना पोळीची सवय थोडी आड येते, कारण पोळी सगळीकडे सारखी हवी असते आणि ही पारी नको असते. नऊ ग्रॅमची लाटी चपटी करून, डाव्या हाताने फिरवत, उजव्या हातातले बारीक लाटणे फक्त कडेपासून मध्यापर्यंत नेऊन मागे आणावे. मध्य जाडसर राहतो, कडा पातळ होते आणि सुमारे आठ सेंटिमीटरची वाटोळी पारी मिळते. दुमडल्यावर कडा दुहेरी होते, म्हणून ती आधीच पातळ हवी. पोटाला सारणाचा भार असतो, म्हणून ते जाड हवे. मोठी पोळी लाटून वाटीने चकत्या पाडल्या तर दोन्ही जाडी सारख्या राहतात आणि कडेचे पीठ आत कच्चे लागते.

भरताना तुमच्या जिआओझी का फुटल्या त्याचे दुसरे कारण सापडेल असे मला वाटते. वीगन सारणात आपण तेल मुद्दाम सढळ घालतो आणि ते तेल कडेला लागले की पीठ पिठाला चिकटत नाही. त्यामुळे दीड चमचाच सारण अगदी मधोमध ठेवावे, कडेला सारणाचा स्पर्शही होऊ देऊ नये, आणि घरच्या ताज्या पारीला पाण्याचे बोट लावू नये. तयार, वाळलेल्या पारीला मात्र लावावे लागते. पारी दुमडून प्रथम मध्य दाबा, मग दोन्ही बाजूंनी आतली हवा बाहेर ढकलत कडा मिटवा. आत अडकलेली हवा उकळताना फुगते आणि सर्वांत कमकुवत जागी वाट काढते. करंजीची मुरड किंवा मोदकाच्या कळ्या येथे आवश्यक नाहीत. तिआनजिनच्या आजी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जन्यांनी एकदाच घट्ट दाबत आणि जिआओझी पोट पुढे काढून उभी राहत असे. जुन्या चांदीच्या लगडीसारखा तो आकार नव्या वर्षी समृद्धीचा मानतात. झिनजियांगमध्ये तुर्फानजवळच्या अस्ताना येथील थडग्यांत तांग काळातल्या, म्हणजे हजार वर्षांहून जुन्या, वाळलेल्या जिआओझी सापडल्या आहेत, त्याही अशाच चंद्रकोरीसारख्या.

भरलेल्या जिआओझी तिथे ज्वारीच्या धांड्यांच्या वाटोळ्या चटईवर मांडतात, त्यामुळे खालून हवा खेळते आणि त्या चिकटत नाहीत. आपले बांबूचे सूप याला उत्तम. त्यावर सुती फडके घालून पिठी भुरभुरा. स्टीलच्या ताटात त्या घामेजतात, हे तुम्ही अनुभवलेच आहे. आणि अर्ध्या तासाच्या आत शिजवा, नाहीतर गोठवा.

उकळण्यासाठी वीस जिआओझींना तीन लिटर तरी पाणी हवे. खळखळत्या पाण्यात सोडताच झाऱ्याची पाठ तळाशी फिरवून त्या हलवाव्यात. पुन्हा उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी घालावे, पुन्हा उकळी, पुन्हा गार पाणी. मांसाच्या सारणाला हे तीनदा करतात, आपले सारण बहुतांशी शिजलेले असल्यामुळे दोनदा पुरते. गार पाण्यामुळे खळखळाट आटोक्यात राहतो आणि पारी आपटून फाटत नाही. ‘सारण शिजवायला झाकण, पारी शिजवायला उघडे’ असे उत्तरेकडचे लोक म्हणतात, तेव्हा आपल्याला उघडेच ठेवायला हरकत नाही. एकूण चार-पाच मिनिटांत पारी अर्धपारदर्शक होऊन जिआओझी फुगून तरंगतात. तव्यावर करायच्या असतील तर तेलावर तळ लालसर करून, जिआओझींच्या एक तृतीयांश उंचीइतके पाणी ओतून, झाकण ठेवून सहा-सात मिनिटे शिजवा आणि पाणी पूर्ण आटवा. वाफवायला कोबीच्या पानावर आठ मिनिटे.

गोठवायच्या असतील तर भरल्या भरल्या, एकमेकींना न लागतील अशा ताटात मांडून दोन-तीन तास कडक करा आणि मगच पिशवीत भरा. शिजवताना बर्फ उतरवू नका, थेट उकळत्या पाण्यात सोडा आणि गार पाण्याचा हबका तीनदा द्या. परतलेला टोफू येथेही उपयोगी पडतो. कच्च्या टोफूतल्या पाण्याचे गोठताना स्फटिक होतात आणि उकळताना तो स्पंजासारखा सगळे पाणी सोडून देतो. माझ्या फ्रीजरमध्ये त्या महिनाभर उत्तम राहतात.

बरोबर काळा व्हिनेगर असावा: झेनजिआंगचा चिकट तांदळाचा किंवा शान्शीचा ज्वारीचा. मिळाला नाही तर साध्या व्हिनेगरमध्ये थोडा सोया सॉस आणि चिमूटभर गूळ. लसूण चालत असेल तर बाराव्या चांद्रमासाच्या आठव्या दिवशी उत्तरेत व्हिनेगरमध्ये घालतात ती लसूण जरूर करून पाहा. थंडीच्या दिवसांत सोललेल्या पाकळ्या फ्रीजमध्ये काही दिवस ठेवून मग बरणीत व्हिनेगर घालून बुडवल्या की त्या आठवडाभरात पाचूसारख्या हिरव्या होतात. हिरवा रंग लसणीतल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो, तो खराबीचा नाही.

जेवणानंतर ज्या पाण्यात जिआओझी उकळल्या तेच पाणी वाटीत घेऊन पितात; ज्या पाण्यात अन्न शिजले तेच ते पचवते, असे तिथे म्हणतात आणि आपल्या भाताच्या पेजेची ज्यांना सवय आहे त्यांना ते लगेच पटेल. पहिल्या खेपेला ती वाटी प्यायच्या आधी उजेडात धरून पाहा. पाणी नुसते पिठाळ, दुधी दिसले तर सर्व जिआओझी शाबूत राहिल्या. त्यात तेलाचे डोळे आणि गाजराचे कण तरंगत असतील तर कुठे तरी कडेला तेल लागले होते, आणि पुढच्या खेपेला सारण अर्धा चमचा कमी भरायचे.